दप्तर आणि दायित्व

सुशिक्षित गृहस्थाच्या घरीं एक तरी पेटी अशी असते, कीं तींत त्या घराचे सर्व कागद एकत्र नांदत असतात. जमिनीचे उतारे, विम्याचे कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, कर्जफेडीच्या पावत्या, आणि क्वचित् पणजोबांच्या हातचीं मोडी लिपींतील चारदोन पत्रें. हे कागद रुमालांत बांधून, वर नांवें घालून, वाळवीपासून जपून ठेविलेले असले म्हणजे त्या घरास वळण आहे असें आपण म्हणतों. आणि तें योग्यच आहे. परंतु पेटी नीट लावली म्हणजे सर्व कांहीं झालें काय? तिची किल्ली कोणाजवळ असते? तींत काय आहे हें घरांतील स्त्रियांस ठाऊक असतें काय? एकादा कागद चुकीचा लिहिला गेला असल्यास तो दुरुस्त करून घेण्याचें काम कोणाचें? कोणता कागद किती वर्षें ठेवावयाचा आणि कोणता केव्हां फाडावयाचा, हें कोणीं ठरविलें?

पेटी लावणें हें एक काम आणि ह्या प्रश्नांचीं उत्तरें ठरवून ठेवणें हें दुसरें. कचेऱ्या, बँका, कारखाने आणि रुग्णालयें यांत हल्लीं पहिल्यास अभिलेख-व्यवस्थापन आणि दुसऱ्यास माहितीचें शासन अशीं भारदस्त नांवें मिळालीं आहेत. आम्ही ह्या लेखापुरतें पहिल्यास दप्तर आणि दुसऱ्यास दायित्व म्हणूं. एक असून दुसरें नसलें म्हणजे काय होतें, हें पाहण्यासाठीं आम्ही रायगड जिल्ह्यांतील कर्जत आणि खालापूर हे दोन डोंगराळ तालुके निवडले आहेत. मुंबईहून पुण्यास जातांना आमच्या बहुतेक वाचकांनीं ते आगगाडीच्या खिडकींतून पाहिलेले आहेत. माथेरानच्या किंवा महडच्या वरदविनायकाच्या निमित्तानें कित्येकांचे पायहि तेथें लागले असतील. परंतु त्या हिरव्या उतारांवर राहणाऱ्या माणसांचा कागदाशीं काय संबंध आहे, याचा विचार करण्याचा प्रसंग आपणांस सहसा येत नाहीं.

जुन्या दप्तराचा धडा

दप्तराची विद्या आपल्यास परकी नाहीं. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. पेशवाईंत पुण्याच्या हुजूर दप्तराचे चालतें दप्तर आणि एकबेरीज दप्तर असे दोन मोठे भाग असत. पहिल्यांत रोजचें काम चाले, दुसऱ्यांत सर्व हिशेबांचा मेळ लागून वर्षावर्षांचे गोषवारे तयार होत. लिहिणारा एक आणि ताळा पाहणारा दुसरा, हें तत्त्व आपल्या कारकुनांस चांगलें ठाऊक होतें.

पुढें १८१८ सालीं राज्य गेलें आणि दप्तर इंग्रजांच्या हातीं पडलें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, आणि घरोघरच्या इनामदारांस आपापल्या सनदा काढून दाखवाव्या लागल्या. ज्यांस पुरावा दाखवितां आला नाहीं त्यांचीं इनामें गेलीं. सरकार प्रश्न विचारी, सरकारच दप्तर चाळी आणि निकालहि सरकारच देई. पुढें हें दप्तर पुण्यास बांधलेल्या दगडी इमारतींत उत्तम रीतीनें ठेविलें गेलें. परंतु आमच्या संशोधकांस त्यांत मोकळा प्रवेश मिळत नसे. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हां त्या भांडाराचें स्वरूप लोकांस प्रथम नीट कळलें. कागद सुरक्षित असणें आणि तो ज्याच्या कामाचा त्याच्या हातीं पडणें ह्या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हें ह्या एका इतिहासावरून ध्यानांत येईल.

गांवचें दप्तर

कर्जत तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १८९१ सालीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. जिल्हा बदलला म्हणून जमीन जागची हालत नाहीं. पण तिचा जुना कागद शोधणारास कोणत्या काळीं कोणत्या कचेरीचें दार ठोठवावें, हें ठाऊक असावें लागतें.

जमिनीवरील हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं झाला. आज आपण ज्यास सातबारा म्हणतों तो गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा यांचा जोड आहे. सातांत जमीन कोणाची हें असतें, बारांत तींत काय पिकलें हें. खरेदी, वारसा, वांटणी, गहाण यांमुळें हक्क बदलला कीं त्याची नोंद प्रथम सहाव्या नमुन्यांत, म्हणजे फेरफाराच्या वहींत होते. ती नोंद तलाठी करितो; त्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे. परंतु त्यानें लिहिलें म्हणून ती पक्की होत नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें त्या नोंदीची प्रत चावडीवर लावावी लागते, ज्यांचा संबंध असेल त्यांस लेखी कळवावें लागतें, कोणीं हरकत घेतल्यास ती निराळ्या वहींत लिहून घ्यावी लागते, आणि मग मंडळ अधिकारी ती तपासून मंजूर किंवा नामंजूर करितो.

येथें वही हें दप्तर झालें. चावडीवरची प्रत, लेखी सूचना, हरकतीची वही आणि मंजुरी देणारा दुसरा हात, हें सर्व दायित्व होय. वही कितीहि सुवाच्य असली आणि सूचना पोंचलीच नाहीं, तर ती वही सुवाच्य अन्यायाची वही होते. कारण त्याच संहितेप्रमाणें मंजूर नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच मानली जाते. ती खोटी आहे हें सिद्ध करण्याचा भार, ज्याचें नुकसान झालें त्याच्यावरच पडतो.

कुळकायद्याच्या काळीं ह्या गोष्टीचा अनुभव कोंकणानें पुरता घेतला. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांनीं कसणारास जमिनीचा मालक करण्याचें ठरविलें. पण कसणारा कोण, हें पुष्कळदां पीकपाहणीच्या रकान्यांत काय लिहिलें आहे यावरून ठरूं लागलें. ज्याचें नांव तेथें होतें त्याचें भाग्य उघडलें. जो पिढ्यान् पिढ्या राबला, पण ज्याचें नांव कोणीं लिहिलेंच नाहीं, तो पुरावे शोधीत कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागला. आणि हेंहि सांगितलें पाहिजे, कीं ती लेखणी पुष्कळ काळ आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतील लोकांच्या हातीं होती. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं. परंतु लिहिणाऱ्याच्या हातीं न लिहिणाऱ्याचें दैव असतें, हें सत्य वतनांबरोबर गेलें नाहीं.

दळीची जमीन

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकूर या जमातींची मोठी वस्ती आहे. उतारावरचा पाला-फांट्या जाळून त्या राखेंत नाचणी-वरी पेरावयाची, ही त्यांची जुनी शेतीची रीत. सरकारनें जंगल राखीव करितांना कुलाबा जिल्ह्यांत अशा शेतीसाठीं डोंगराचे कांहीं तुकडे त्यांस तोडून दिले. त्यांस दळी म्हणतात. दळी बहुधा एका नाईकाच्या नांवें असे आणि ती कसणारीं घरें मात्र अनेक असत. त्यांची नोंद जंगल खात्याकडे राही; महसुली सातबाऱ्यावर त्यांचें नांव नसे. म्हणजे जमीन एक आणि खातीं दोन. एका खात्याच्या वहींत ते लागवड करणारे, तर दुसऱ्याच्या नकाशावर तेथें नुसतें जंगल.

नाईक वारल्यावर पुढें नांव कोणाचें? ज्या घरांनीं कसलें त्यांचीं नांवें कोणत्या यादींत? हे प्रश्न दप्तर नसल्यामुळें उत्पन्न झाले नाहींत. दप्तर होतेंच. परंतु तें वेळोवेळीं ताजें ठेवण्याची, दोन खात्यांच्या नोंदींचा मेळ घालण्याची आणि ज्याची नोंद आहे त्यास ती वाचून दाखविण्याची जबाबदारी कोणावरच निश्चित नव्हती.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें ही उणीव भरून काढण्याचा एक विलक्षण मार्ग दाखविला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस हक्क मागतां येतो. आणि पुराव्यादाखल सरकारी कागद, नकाशे, गॅझेटियरें यांबरोबरच, दावेदाराखेरीज इतर वृद्धांनीं सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतहि चालते. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो. ज्यांस कागदानें वगळलें त्यांच्या तोंडच्या शब्दास कायद्यानें कागदाच्या पंक्तीस बसविलें, हें लहान काम नव्हे. दायित्वाचा हा अगदीं शुद्ध नमुना होय: कोणता पुरावा ग्राह्य, तो कोणीं ऐकावा, कोणीं तपासावा आणि नाकारल्यास दाद कोठें मागावी, हें सर्व त्यांत आधींच ठरलेलें आहे. तरीहि दावा लिहावयास, नकाशा वाचावयास आणि जुन्या नोंदीची नक्कल मागावयास कोणी लिहितावाचता माणूस बरोबर लागतोच.

यादींत नसलेली वाडी

खालापूर तालुक्यांत, चौक गांवाच्या वर, इर्शाळगडाच्या कुशींत ठाकूर लोकांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, मुसळधार पावसांत, डोंगराची कड सुटून त्या वाडीवर आली. चार दिवस शोध चालला. २७ प्रेतें हातीं लागलीं. ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि २३ जुलैस शोध थांबवावा लागला.

दुसऱ्याच दिवशीं विधानमंडळांत जी माहिती देण्यांत आली, तींत एक वाक्य असें होतें, कीं दरडी कोसळण्याचा धोका असलेल्या गांवांच्या यादींत ह्या वाडीचें नांव नव्हतें. आमच्या मतें ह्या वाक्याचा जितका विचार व्हावयास पाहिजे तितका झालेला नाहीं. यादी होती. ती जाणत्या लोकांनीं केलेली होती आणि कचेरींत नीट ठेविलेलीहि असेल. म्हणजे दप्तर होतें. परंतु यादी किती दिवसांनीं पुन्हां तपासावयाची, गाडीरस्ता नसलेल्या डोंगरावरील वाडीस तींत कोणीं आणि कसें आणावयाचें, तेथें राहणाऱ्यांस डोंगराविषयीं जें ठाऊक असतें तें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें, आणि यादींत नांव नसणें म्हणजे धोका नसणें नव्हे हें कोणीं ध्यानांत ठेवावयाचें? हे प्रश्न दप्तरखान्याचे नव्हेत. ते शासनाचे आहेत. चांगली यादी चांगल्या मनाच्या माणसासहि निश्चिंत करून टाकते, हाच तिचा धोका.

त्यानंतर दुसरा प्रश्न उभा राहिला. त्या रात्रीं वाडींत कोण होतें? कांहीं मुलें आश्रमशाळेंत असल्यामुळें वांचलीं. कुटुंबवार नांवें लिहून, जिवंत कोण, गेलेला कोण, न सांपडलेला कोण, अशी यादी करावी लागली. जे सांपडले नाहींत त्यांचा मृत्यु कागदावर कसा मांडावयाचा? सामान्य नियमाप्रमाणें सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं तो मृत मानला जातो. पण मृत्यूचा दाखला नाहीं तर वारसाची नोंद नाहीं, आणि ती नाहीं तर उरलेल्या पोराबाळांच्या हातीं कांहींच नाहीं. ज्यांचें घर गेलें त्यांचीं शिधापत्रिका आणि आधारकार्डेंहि त्याच मातीखालीं गेलीं. अशा वेळीं मूळ नोंद कचेरींत शाबूत असणें याचें मोल कळतें; आणि तिची प्रत दुःखिताच्या दारीं पोंचविणें हें कोणाचें तरी ठरलेलें काम असणें याचें मोल त्याहून अधिक कळतें. वाचलेल्या कुटुंबांस पुढें चौकजवळ नवीं घरें देण्यांत आलीं.

काय ठेवावें, काय टाकावें

सर्वच कागद कायम ठेवितां येत नाहींत. आपल्या सरकारी कचेऱ्यांत कागदांची वर्गवारी करितात: ‘अ’ वर्गाचे कायमचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षें, आणि त्याखालील वर्गांचे त्याहून कमी काळ ठेवावयाचे. ही पद्धति उत्तम आहे. पण वर्ग ठरविणारानें पुढें कोणास काय लागेल याचा विचार केला पाहिजे.

इंग्लंडांत ह्याचें कडू उदाहरण घडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून जे लोक कामासाठीं तेथें गेले, त्यांच्या आगमनाचे जुने पत्रक तेथील गृहखात्यानें २०१० सालीं निरुपयोगी म्हणून नष्ट केले. पुढें नियम कडक झाले आणि त्याच लोकांजवळ, तुम्ही केव्हां आलां याचा पुरावा मागण्यांत येऊं लागला. म्हाताऱ्या माणसांच्या नोकऱ्या आणि औषधोपचार बंद झाले. कांहींस देशाबाहेर घालविण्यांत आलें. २०१८ सालीं ह्याचा बोभाटा झाला तेव्हां सरकारास क्षमा मागावी लागली. कागद टाकणारें खातें तेंच आणि पुरावा मागणारेंहि तेंच.

आपल्याकडे अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा पुरावा शोधावा लागतो. शाळेचें जुनें रजिस्टर, कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडींतले महसुली कागद, हेच त्याचे साक्षी. ठाकूर जमातीच्या दाखल्यांविषयींच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें सांगितलें, कीं संविधानापूर्वींच्या अस्सल कागदास सर्वांत अधिक वजन दिलें पाहिजे. एकाद्या खेड्यांतील मास्तरानें ऐंशी वर्षांपूर्वीं बोरूनें लिहिलेली एक ओळ आज एका मुलीचें महाविद्यालयांतील स्थान राखूं शकते. तें रजिस्टर रद्दींत गेलें असेल तर तिनें कोणाकडे पाहावें?

उलट, जें ठेवूं नये तें ठेवणें हाहि दोषच आहे. लोकांची खाजगी माहिती ज्या कामासाठीं घेतली तें संपल्यावर ती बाळगूं नये, असें तत्त्व संसदेनें २०२३ सालीं केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत आहे. तेव्हां ठेवणें आणि टाकणें या दोहोंसहि नियम पाहिजे, कारण पाहिजे आणि सही करणारा माणूस पाहिजे.

यंत्र आलें तरी

२१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयास आग लागली आणि कित्येक खात्यांच्या फायली भस्म झाल्या. तेव्हांपासून कागद संगणकांत उतरविण्याची निकड सर्वांस पटली. आतां फेरफार संगणकावर होतो. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या काढतां येतो. आणि २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करूं शकतो. जो रकाना पूर्वीं तलाठी भरीत असे तो भरण्याचा हक्क कसणाराच्या हातीं आला, ही गोष्ट यंत्राहून मोठी आहे.

परंतु यंत्र चुकीची नोंद तितक्याच निष्ठेनें जपतें. हस्तलिखित उतारे संगणकांत घालतांना चुका राहिल्या, म्हणून २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचनाची मोहीम झाली; संगणकांतला उतारा लोकांसमोर मोठ्यानें वाचावयाचा आणि चूक दिसली कीं सांगावयाची. नव्या यंत्राच्या खरेपणासाठीं अखेर जुनी चावडीच कामास आली, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. द्रुतगतिमार्ग झाल्यापासून कर्जत-खालापुरांतील जमिनीस सोन्याचा भाव आला आहे. अशा ठिकाणीं एक अक्षर इकडचें तिकडे झालें तर एक कुटुंब भूमिहीन होतें. म्हणून तेथें चावडीवाचन एकदांच होऊन भागावयाचें नाहीं.

आपलें काम

आमचे वाचक कोणत्या ना कोणत्या संस्थेचे चालक असतातच: शाळेच्या कार्यकारी मंडळावर, सहकारी पेढींत, देवस्थानाच्या विश्वस्तांत किंवा निदान गृहनिर्माण संस्थेच्या समितींत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें प्रत्येक सार्वजनिक संस्थेस आपले कागद वर्गवारी लावून, सूची करून ठेवण्याची आज्ञा केली आहे. कारण जें सांपडतच नाहीं तें दाखविण्याचा हक्क पोकळ ठरतो. दप्तर हा पाया आणि दायित्व हें वरचें घर. पाया नाहीं तर घर उभें राहत नाहीं. आणि नुसत्या पायांत कोणी राहूं शकत नाहीं.

म्हणून प्रत्येक संस्थेनें पांच प्रश्नांचीं उत्तरें एका पानावर लिहून भिंतीस लावावींत. नोंद कोण करितो? ती कोण तपासतो? ज्याच्याविषयीं ती आहे त्यास ती केव्हां व कशी दाखविली जाते? चूक दुरुस्त करण्याचा मार्ग कोणता? आणि कोणता कागद केव्हां, कोणाच्या सहीनें नष्ट होतो? प्रत्येक उत्तरांत ‘कार्यालय’ असा मोघम शब्द न घालतां एका पदाचें नांव घातलें पाहिजे. जें काम सर्वांचें असतें तें कोणाचेंच नसतें.

घरांतहि हेंच. पेटींतील कागदांची यादी करावी आणि ती पत्नीस व मुलींस माहीत असावी. माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील तर ते जाणकाराकडून वाचवून घ्यावेत. ज्यांचा घरास उपयोग नाहीं ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे सोंपवावेत. त्यांत कदाचित् आपल्याच पूर्वजांच्या हातानें लिहिलेलीं, कोण्या कुळाचीं किंवा कातकऱ्याचीं नांवें असतील. तीं त्यांच्या वारसांच्या कामाचीं आहेत, आणि त्यांनीं मागितल्यास दाखविणें हें आपलें ऋण आहे. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईजवळ मुलाच्या जन्माचा दाखला आहे काय, येवढें विचारून तो मिळवून देण्यास एक दुपार पुरते. लेखणी आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या नांदली. तिच्यावर ज्यांचें पोट आणि नांव अवलंबून राहिलें त्यांच्यासाठीं ती थोडी झिजली, तर ती कारणीं लागली असें आम्ही म्हणूं.